लॉनची देखभाल महिन्याच्या करारावर देताय? रेट ठरवण्याआधी हे १० प्रश्न विचारा



"सर, लॉन मेंटेनन्सचा महिन्याचा रेट सध्या काय चालू आहे?" हा प्रश्न मला दर आठवड्याला एकदा तरी येतो. विचारणारे कोण असतात? कुणी मंगल कार्यालयाशेजारी नवं लॉन्स सुरू करतंय, कुणाचं कृषी पर्यटन केंद्र आहे, कुणाचा होमस्टे, कुणाची नर्सरी शाळा. माझं स्वतःचं दुकान बागकामाच्या साहित्याचं. त्यामुळे लॉनचे मालकही काउंटरवर येतात आणि लॉन सांभाळणारे ठेकेदारही. दोघांच्या तक्रारी मी एकाच दिवशी ऐकतो.

रेटच्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. किराणा दुकानात जाऊन "एक पिशवी कितीला?" असं विचारलं, तर दुकानदार आधी काय विचारेल? "पिशवीत काय घालू?" लॉनचंही तसंच आहे. "देखभाल" ही नुसती पिशवी झाली. आत किती वेळा कटिंग, किती खत, कोणाचं मशीन, कोणाचं पेट्रोल, गवत वाळलं तर जबाबदारी कोणाची, हे ठरल्याशिवाय रेटला काही अर्थच नाही.

व्हिडिओमध्ये वेळेअभावी मी हे भरभर सांगितलं. इथे नीट, हिशेबासकट लिहितोय. आणि एक सूचना सुरुवातीलाच: तुम्ही लॉनचे मालक असाल तर हे प्रश्न विचारण्यासाठी वाचा. लॉन सांभाळण्याचा व्यवसाय सुरू करायचा असेल तर हेच प्रश्न उत्तरं तयार ठेवण्यासाठी वाचा.

आधी गृहपाठ: ठेकेदाराला फोन करण्यापूर्वी

तीन गोष्टी स्वतः करा. खर्च शून्य.

पहिली, मोजमाप. टेप घेऊन लॉन मोजा. पूर्ण प्लॉट नाही, फक्त गवत असलेली जागा. स्टेज, पार्किंग, फरशीचे रस्ते वजा करा. "अंदाजे १० गुंठे" असं सांगितलं की ठेकेदार १० गुंठ्यांचाच रेट लावणार, गवत ७ गुंठे असलं तरी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यावर सोपा होतो.

दुसरी, पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. १० गुंठे म्हणजे १,००० चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर रोज ५,००० लिटर. म्हणजे १० हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत संपला. तुमची बोअर एप्रिल-मे महिन्यात एवढं देते का? देत नसेल तर जगातला कोणताही ठेकेदार तुमचं लॉन हिरवं ठेवू शकणार नाही. मग त्याच्याशी भांडण्यापेक्षा लॉनच कमी करा, बाकी जागेत फरशी किंवा झाडं घ्या. कडक ऐकू येतं, पण कितीतरी वाद मुळात पाण्याचे असतात आणि नाव येतं माळ्यावर.

तिसरी, तुमचं कॅलेंडर. लॉन वापरात कधी असतं? लग्नाच्या लॉन्सचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढी एकादशीच्या आसपास थांबतो. मधले चार महिने, म्हणजे चातुर्मास, लग्नं जवळपास नसतात. गंमत बघा, पाऊस पडतो तोही याच काळात आणि गवत सगळ्यात जोमानं वाढतं तेही याच काळात. म्हणजे लॉनची दुरुस्ती करायची तर चातुर्मासात. पण बरेच मालक नेमके याच महिन्यांत "बुकिंग नाही, मग माळी कशाला?" म्हणून काम बंद करतात. मग कार्तिकात पहिलं लग्न तोंडावर आल्यावर धावपळ. तेव्हा थंडी सुरू होते, गवताची वाढ मंदावते आणि पडलेले टक्कल भरून यायला वेळच उरत नाही.

हा गृहपाठ झाला की मग ठेकेदाराला बोलवा. फोनवर रेट घेऊ नका आणि देऊ नका. जागा बघितल्याशिवाय जो रेट सांगतो, त्याला कामात किती गोडी आहे हे तिथेच कळतं.

प्रश्न १: "आमचं गवत कोणतं आहे?"

हा प्रश्न माहितीसाठी नाही, परीक्षेसाठी आहे. लॉनवर उभं राहून विचारा. आपल्याकडे लॉनमध्ये बहुतेक ठिकाणी हरळीच्या कुळातलं गवत असतं. नर्सरीवाले "सिलेक्शन वन" नावाने देतात तेही त्यातलंच. या गवताला भरपूर ऊन लागतं. आंब्याच्या किंवा इमारतीच्या सावलीत ते विरळ होत जातं, मग तुम्ही कितीही खत टाका. मऊ गादीसारखं दिसणारं, "मेक्सिकन" किंवा "कोरियन" म्हणून विकलं जाणारं गवत वेगळं, त्याची वाढ हळू, त्यामुळे एकदा खराब झालं की भरून यायला जास्त काळ लागतो.

जाणकार माणूस खाली बसतो, गवत हातात घेऊन बघतो, बोटाने माती उकरतो, वर झाडाकडे बघून सावली किती वेळ असते ते विचारतो. नवशिका उभ्या उभ्या म्हणतो, "सगळं होऊन जाईल साहेब."

प्रश्न २: "कटिंग कधी, किती वेळा आणि किती उंचीवर?"

"गरजेनुसार" हे उत्तर स्वीकारू नका. गरज तुमची आणि सवड त्याची, असं होतं मग.

लॉनच्या कटिंगचा एक साधा नियम आहे: एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. तुम्हाला ३ सेंटिमीटरचं लॉन हवं असेल, तर ते साडेचार सेंटिमीटर व्हायच्या आत कापलं पाहिजे. ९ सेंटिमीटर वाढू दिलं आणि एकदम ३ वर आणलं, तर खालचे पिवळे दांडे उघडे पडतात, ऊन लागतं आणि आठवडाभर लॉन जळाल्यासारखं दिसतं. त्या आठवड्यात तुमच्याकडे लग्न असेल तर?

म्हणून करारात ऋतूप्रमाणे संख्या लिहा. उदाहरणार्थ: जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एक कटिंग, बाकी महिन्यांत पंधरा दिवसांनी एक. आणि कार्यक्रम असेल तर त्याच्या दोन दिवस आधी. अगदी आदल्या दिवशी पाणी नको, नाहीतर खुर्च्यांचे पाय आणि वऱ्हाडाच्या चपला मातीत रुततात.

प्रश्न ३: "मशीन कोणतं आणि कोणाचं?"

ब्रश कटर आणि लॉन मोअर यात फरक आहे. ब्रश कटर खांद्याला अडकवून चालवतात. कडेचं, उतारावरचं, वाढलेलं रान कापायला उत्तम. पण सपाट लॉनवर त्याने एकसारखी पातळी येत नाही, लाटा दिसतात. शिवाय खडे उडतात; शेजारी गाड्या उभ्या असतील तर काच गेलीच समजा. लॉनसाठी चाकांचं मोअर हवं, आणि त्याचं पातं धारदार हवं. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरट-तपकिरी दिसतात.

मशीन त्याचं असेल तर बिघडल्यावर पर्यायी मशीन किती दिवसांत आणणार? तुमचं असेल तर धार, ऑइल, दुरुस्ती कोण बघणार? पेट्रोल कोणाचं? हे सगळं लिहून घ्या. आणखी एक: विजेवर चालणारं मोअर असेल तर ओल्या गवतात चालवायचं नाही आणि तुमच्या बोर्डाला शॉकपासून वाचवणारा ब्रेकर बसवलेला हवा. ही जबाबदारी मालकाची.

प्रश्न ४: "कापलेलं गवत कुठे जाणार?"

हसू नका. माझ्या काउंटरवर सर्वाधिक ऐकलेलं भांडण हेच आहे. पावसाळ्यात १० गुंठ्यांच्या कटिंगमधून गोण्याच्या गोण्या भरतात. ठेकेदार म्हणतो कापायचं ठरलं होतं, उचलायचं नाही. दोन दिवसांत ढीग कुजायला लागतो, वास सुटतो.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे जागेवरच खताचा खड्डा. तो कोण भरणार, कोण उलथणार, तयार झालेलं खत लॉनलाच वापरायचं का, एवढं ठरवलं की वाद मिटला आणि खताचा थोडा खर्चही वाचला.

प्रश्न ५: "खत कोणतं, किती आणि वर्षातून किती वेळा?"

"खत टाकून देतो" यात ना खताचं नाव आहे ना वजन. साधा हिशेब सांगतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. १० गुंठे लॉनला एका वेळी चौरस मीटरमागे ५ ग्रॅम नत्र द्यायचं म्हटलं तर ५ किलो नत्र, म्हणजे साधारण ११ किलो युरिया. आता कुणी तेवढ्याच जागेला एकाच दिवशी अख्खी ४५ किलोची गोणी टाकतो म्हणाला, तर तो लॉन जाळणार आहे. दोन किलोत भागवतो म्हणाला, तर तो फक्त बिल लावणार आहे. आणि नुसत्या युरियावर लॉन जगवू नका. शेणखत, गांडूळखत, स्फुरद-पालाश यांचं वेळापत्रक मागा.

वर्षातून एकदा, पावसाच्या सुरुवातीला, लॉनवर माती-वाळू-खताच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. ५ मिलिमीटरचा थर १० गुंठ्यांना द्यायला ५ घनमीटर, म्हणजे जवळपास पावणेदोन ब्रास माल लागतो. हा वर्षातला सगळ्यात मोठा एकरकमी खर्च आहे आणि कोटेशनमध्ये सहसा लिहिलेलाच नसतो. विचारा: हे आत आहे की वेगळं?

माती कशी आहे हे माहीत नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाण्याची तपासणी करून घ्या. बोअरचं पाणी खारट असेल तर खताने प्रश्न सुटत नाही.

प्रश्न ६: "लव्हाळा आणि हुमणीचं काय करणार?"

ही दुसरी परीक्षा. लव्हाळा म्हणजे नागरमोथा, लॉनचा जुना शत्रू. वरून उपटला तरी जमिनीत त्याच्या गाठी राहतात आणि पुन्हा फुटतात. "एका महिन्यात लव्हाळा संपवतो" असं जो सांगतो त्याला चहा पाजून निरोप द्या. खरं सांगणारा म्हणेल, "हे काम काही महिने चिकाटीने करावं लागेल, गाठीसकट खोदावं लागेल, फवारणी लागली तर निवडक औषध वापरू." निवडक हा शब्द महत्त्वाचा. ग्लायफोसेट हे निवडक नाही. हिरवं दिसेल ते मारतं, तणाबरोबर तुमचं लॉनही.

हुमणी ही मातीतली अळी, गवताची मुळं खाते. पावसाळ्यात गवताचा एखादा पट्टा पिवळा पडला आणि ओढल्यावर सतरंजीसारखा हातात आला, तर खाली हुमणी शोधा. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर रात्री कडुनिंब, बाभळीवर येतात. जाणकार ठेकेदार तेव्हापासूनच लक्ष ठेवतो.

औषधांबद्दल तीन गोष्टी पक्क्या करा. एक, प्रत्येक औषधाचं नाव वहीत लिहायचं आणि रिकामी बाटली दाखवायची. दोन, बाटलीवरचा त्रिकोण बघायचा: लाल म्हणजे सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. जिथे मुलं लोळणार आहेत तिथे लाल आणि पिवळा मुळीच नको. तीन, बंदी असलेलं औषध नको. हुमणीसाठी पूर्वी सर्रास टाकलं जाणारं दाणेदार फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. "जुना स्टॉक आहे, जबरदस्त काम करतो" असं कुणी म्हणालं तर ते कौतुक समजू नका. कार्यक्रमाच्या आधी किती दिवस फवारणी बंद, हेही लेबल बघून ठरवा.

प्रश्न ७: "कोण येणार? आणि तो आला नाही तर?"

भेटायला येतो तो ठेकेदार, कामाला येतो तो दुसराच. म्हणून काम करणाऱ्या माणसाचं नाव, ओळखपत्राची प्रत आणि फोन घ्या. त्याच्याशी एकदा बोला.

आता आपल्या भागातली खरी अडचण. बागकाम करणारे कितीतरी जण गावाकडचे, स्वतःची थोडी शेती असलेले. जून-जुलैमध्ये पेरणीला गावी जातात, काही जण वारीला जातात, पुढे सुगी आणि दिवाळी. यात त्यांची चूक काहीच नाही. पण जून-जुलैमध्येच गवत सगळ्यात जास्त वाढतं. म्हणून ठेकेदाराला सरळ विचारा: "पेरणीच्या दिवसांत तुमच्याकडे किती माणसं असतात?" ज्याच्याकडे बदली माणसाची सोय आहे, तो लगेच सांगतो.

प्रश्न ८: "माणसाला काही झालं तर?"

पावसाळ्यात ओल्या गवतात साप-विंचू, मशीनचं पातं, उडणारे खडे, औषधाचा वास. हे काम दिसतं तेवढं साधं नाही. गमबूट, गॉगल, हातमोजे, मास्क ठेकेदार देतो का? माणसांचा विमा आहे का? मोठी पॉलिसी नसेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी हवी. वर्षाला २० रुपये हप्ता, वय १८ ते ७०, बँक खातं पाहिजे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण. वर्षाला २० रुपये भरायची तसदी जो घेत नाही, तो तुमच्या लॉनची किती घेईल?

आणि एक गोष्ट मालकांना सांगतो. एवढ्या कमी रेटमध्ये काम करून घेऊ नका की माणसाच्या हातात किमान वेतनही पडणार नाही. तो माणूस टिकत नाही. दर दोन महिन्यांनी नवा माणूस आला की लॉनचा अभ्यास पुन्हा पहिलीपासून.

प्रश्न ९: "बिल कसं देणार?"

ठेकेदाराची जीएसटी नोंदणी आहे का ते आधी विचारा. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी असेल तर या सेवेवर साधारणपणे १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे १४,००० चा रेट १६,५२० होतो. कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" हे शब्द शेवटी बारीक अक्षरात असतात.

वर्षभरात एकाच ठेकेदाराला १ लाखाच्या वर रक्कम जात असेल तर टीडीएस कापायचा का, हे तुमच्या सीएला विचारून घ्या. तुमची फर्म आहे की वैयक्तिक मालकी, यावर ते अवलंबून असतं.

प्रश्न १०: "तुम्ही वर्षभर सांभाळलेलं एक लॉन दाखवा"

फोटो नको, जागा दाखवा. आणि वर्षभर सांभाळलेलीच. जुलैमध्ये महाराष्ट्रातलं प्रत्येक माळरान हिरवं असतं, त्यात ठेकेदाराचं कौतुक काय? लॉनची खरी परीक्षा मे महिन्यात. पुण्यातला डीपी रोड असो की नाशिकचा गंगापूर रोड, लॉन्सची रांगच आहे. उन्हाळ्यात एक फेरी मारा. जिथे हिरवं दिसेल तिथे आत जाऊन विचारा, "सांभाळतं कोण?" जाहिरातीपेक्षा हा शोध स्वस्त आणि पक्का.

आता हिशेब: ९,००० स्वस्त की १४,०००?

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, तुमच्या गावचा रेट वेगळा असेल. लॉन १० गुंठे.

ठेकेदार अ: महिना ९,०००. यात महिन्याला दोन कटिंग आणि तण काढणं. बाकी सगळं वेगळं.

- वर्षाचं मूळ बिल: १,०८,०००
- खत-औषध, महिना २,००० प्रमाणे: २४,०००
- पावसाळ्यात चार महिने दोन-दोन जादा कटिंग, म्हणजे ८ कटिंग, प्रत्येकी १,५००: १२,०००
- गवत उचलणं, महिना १,०००: १२,०००
- वर्षातून एकदा मातीचा थर: १५,०००
- एकूण: १,७१,०००

ठेकेदार ब: महिना १४,०००. वरचं सगळं आत.

- एकूण: १,६८,०००

पहिल्या दिवशी अ महिन्याला ५,००० ने स्वस्त दिसत होता, म्हणजे वर्षाला ६०,००० वाचणार होते. प्रत्यक्षात तो ३,००० ने महाग पडला. शिवाय दर महिन्याला "हे वेगळं, ते वेगळं" ही कटकट.

याचा अर्थ नेहमी महागडाच ठेकेदार घ्या असा नाही. तुमच्याकडे खताचा खड्डा आहे, स्वतःचं मोअर आहे, गवत गुरांना जातं, तर अ खरोखरच स्वस्त पडेल. मुद्दा एवढाच की दोन कोटेशनची तुलना करण्याआधी दोन्ही पिशव्यांमध्ये सारखाच माल भरा, मग वजन करा.

करार: दोन पानं पुरतात

वकिली भाषा नको. साध्या मराठीत लिहा आणि दोघांनी सह्या करा. त्यात एवढं हवं:

- मोजलेलं क्षेत्रफळ
- महिन्यानुसार कामाचा तक्ता: कटिंग, खत, तण, थर
- मशीन, इंधन, खत, औषध, पाणी, वीज: प्रत्येकासमोर "मालक" किंवा "ठेकेदार"
- कार्यक्रमाआधी आणि नंतर काय करायचं. कार्पेट किती तासांत उचलायचं हे मंडपवाल्यालाही लिहून द्या. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हात कार्पेट राहिलं तर खालचं गवत उकडतं, त्याचा दोष माळ्यावर टाकू नका
- गवत वाळलं तर: पाणी किंवा मंडपामुळे असेल तर मालकाचा खर्च, चुकीच्या औषध-खतामुळे असेल तर ठेकेदाराचा
- पैसे कोणत्या तारखेला, आणि काम चुकलं तर किती वजा
- दोन्ही बाजूंना ३० दिवसांची नोटीस

सुरुवातीचे दोन महिने चाचणीचे ठेवा. लॉनच्या चार ठरावीक जागा निवडा आणि दर महिन्याच्या १ तारखेला तिथून फोटो काढा. आधी काय होतं आणि आता काय आहे, यावर मग वाद होत नाही. फोटोच बोलतो. आणि गेटवर एक वही: तारीख, कोण आलं, काय केलं, सही. वीस रुपयांची वही तुमचं निम्मं भांडण वाचवते.

पैसे वेळेवर द्या. हे मी ठेकेदारांच्या बाजूने सांगतोय. ज्याचं बिल तीन महिने अडकतं, तो तुमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो. चोख कामाची अपेक्षा असेल तर व्यवहारही चोख हवा.

आणि ज्यांना हा व्यवसायच करायचा आहे त्यांच्यासाठी

वरचे दहा प्रश्न पुन्हा वाचा. प्रत्येकाचं उत्तर एका पानावर छापा आणि गिऱ्हाईकाने विचारायच्या आत त्याच्या हातात द्या. "काय काय आत आहे" आणि "काय काय आत नाही" असे दोन रकाने करा. दुसरा रकाना लिहायला बहुतेक जण घाबरतात. पण विश्वास बसतो तो दुसऱ्या रकान्यामुळेच.

रेट काढताना शेजारच्याचा रेट बघून ५०० ने कमी करू नका. माणसाचे तास, येण्या-जाण्याचं पेट्रोल, मशीनची झीज, बदली माणसाचा खर्च, विमा, पावसाळ्यातली जादा कटिंग, हे सगळं वर्षाचं मांडा, त्यावर तुमचा नफा लावा आणि मग १२ ने भागा. पावसाळ्यातला तोटा हिवाळ्यात भरून निघतो का, हे वर्षाच्या हिशेबातच दिसतं. महिन्याच्या हिशेबात दिसत नाही, आणि नवे ठेकेदार पहिल्याच जुलैमध्ये इथे अडकतात.

सुरुवात दोन-तीन लॉनने करा, आणि ती एकाच रस्त्यावरची शोधा. दहा किलोमीटरवरच्या पाच गिऱ्हाइकांपेक्षा एका गल्लीतली तीन परवडतात.

जाता जाता

या आठवड्याचं काम लिहून घ्या. मालक असाल तर टेप घ्या, लॉन मोजा आणि मे महिन्यात रोज किती लिटर पाणी लागेल ते काढा. ठेकेदार होणार असाल तर तुमच्या भागातल्या तीन लॉन्सवर जा आणि मालकांना फक्त एक प्रश्न विचारा: "आत्ताच्या देखभालीत तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" मिळालेली तीन उत्तरं म्हणजे तुमच्या पहिल्या कोटेशनच्या पहिल्या तीन ओळी.

रेट शेवटी विचारायचा. आधी पिशवीत काय आहे ते बघायचं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मोजत राहा, लिहित राहा!